न काढलेल्या फोटोचा आळ

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. कपाटाच्या खालच्या खणात, मोडक्या छत्रीशेजारी माझा मुक्काम असतो. कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी माझी काच तीनदा पुसली होती. तेवढी माया पुढे फार थोड्यांनी केली.

माझे पहिले मालक पक्ष्यांचे फोटो काढत. गुडघे दुखू लागले तेव्हा त्यांनी मला आपल्या भाचीला दिले. भाचीबाईंना लग्नांचे फोटो काढायचे होते. सरावापायी त्यांनी घरातल्या कोणालाही सोडले नाही. त्यांची आई तर भांडी घासतानाही हसरा चेहरा करू लागली. मामा माझे कौतुक करत आणि मीही फुशारून जाई.

पण भाचीबाईंना एक खोड होती. एक फोटो काढला की लगेच मान खाली घालून माझ्या पडद्यावर तो मोठा करून बघायच्या. समोर बघ, काढलेला फोटो कुठे पळून जात नाही, असे मामांनी दहादा बजावले. पालथ्या घड्यावर पाणी.

अखेर त्यांना पहिले काम मिळाले. नवरीचे वडील इस्पितळात होते आणि डॉक्टरांनी त्यांना तासाभरासाठीच सोडले होते. नवरीने भाचीबाईंना बाजूला घेतले. "बाकीचे चुकले तरी चालतील. माझा आणि बाबांचा तेवढा एक काढा."

चाकांच्या खुर्चीतून वडील आले. भाचीबाईंनी एक फोटो काढला. त्यात कोणाचा तरी खांदा आडवा आला होता. तो खांदाच त्या मान खाली घालून न्याहाळत बसल्या. तेवढ्यात वडिलांनी लेकीला जवळ ओढले आणि तिच्या कपाळाला कपाळ टेकवले. हे मला नंतर लोकांच्या बोलण्यातून कळले. माझी काच तेव्हा जमिनीकडे होती आणि मला फक्त भाचीबाईंच्या चपला दिसत होत्या. त्यांनी मान वर केली तोवर वडिलांना धाप लागली होती आणि खुर्ची दाराकडे निघाली होती.

महिन्याभरात ते गेले. नवरी फोटो मागायला आली. धूसर असला तरी चालेल, म्हणाली.

भाचीबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. "मी काढला होता हो. या कॅमेऱ्यानेच ऐनवेळी दगा दिला."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्याच दिवशी मी खणात गेलो. आज भाचीबाईंकडे नवा कॅमेरा आहे आणि मोठे नावही आहे. मला मात्र अजून संताप येतो.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, आम्हाला जपा. पण आपली चूक आमच्या माथी मारू नका, कारण आम्हाला तोंड नसते. खरे कळले असते तर ती मुलगी चिडली असती, भांडली असती. तेवढाही हक्क तिला मिळाला नाही. तिने डोळे पुसले, "तुमची काय चूक?" असे म्हणून भाचीबाईंचीच समजूत घातली आणि त्यांचे आभार मानून ती निघून गेली.