लगामबाबाची उदबत्ती

पाटोद्याच्या अलीकडच्या घाटात, अर्ध्या उतारावर लगामबाबाचं ठाणं आहे. रविवारी तिथे दहा-वीस मोटारसायकली झेंडूच्या माळा घालून उभ्या असतात. उतरताना पुढच्या ब्रेकची मूठ मऊ पडून हँडलला टेकते, माणसं मागच्या ब्रेकवर कशीबशी थांबतात. बाबा लिंबू फिरवून उदबत्ती लावतात. ती विझेपर्यंत गाडीला शिवायचं नाही. विझली, की मूठ घट्ट! मी विज्ञानाचा मास्तर. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मीही चक्रावलो होतो.

"उतारावरचं भूत मूठ चोखतंय," बाबा सांगत होते. "डिस्क ब्रेक त्याला लई गोड लागतो!"

आमच्या गावच्या भागवतची जुनी गाडी महिन्यात तिसऱ्यांदा आली होती. टाकीवर सहा वर्षांची अंजू. उदबत्ती विझली की लेकीला घेऊन तो उरलेला उतार उतरणार होता.

म्हणून मी त्याच्या भाचीला, धनश्रीला बोलावलं होतं. ती पाटोद्यात गॅरेज चालवते. शेजारीच रामेश्वर नावाच्या एका गड्याची गाडी तशीच मऊ मुठीची, अजून लिंबू-उदबत्ती न झालेली उभी होती.

"बाबा, हिला माझा मंत्र," म्हणत धनश्रीने रामेश्वरच्या गाडीपुढे एकोणतीसचा पाढा सुरू केला.

उदबत्ती विझली. दोन्ही मुठी घट्ट!

"आन मी पाढा मधीच चुकलेबी," ती म्हणाली. गर्दी खदाखदा हसली.

"माझीच कृपा वाऱ्यानं तिकडं गेली," बाबा म्हणाले.

"मंग मामाच्या मागं बसा. चला खालपर्यंत."

बाबांनी उताराकडे पाहिलं. "आमचं पायी चालायचं व्रत हाय."

भागवतने टाकीवर पुन्हा बसवलेल्या अंजूला खाली घेतलं.

धनश्रीने चाकाजवळच्या ब्रेकच्या बारक्या बोल्टला पारदर्शक नळी लावली, दुसरं टोक बाटलीत सोडलं. मामाने मूठ दाबून धरायची, तिने बोल्ट सैल करून पुन्हा आवळायचा, मगच त्याने मूठ सोडायची. हँडलवरच्या डबीत ती ब्रेकचं नवं तेल ओतत राहिली. नळीतून कोऱ्या चहासारखं काळं तेल आलं.

"मामा, हे कधी बदललंवतं?"

"ते बदलतेत व्हय?"

"आन उतारावर इंजन बंद करता?"

"पेट्रोल वाचतंय की!" साऱ्या गर्दीने माना डोलावल्या. आमच्याकडे सगळे असेच उतरतात.

"मंग सगळं वझं ब्रेकवर. ब्रेक तापतो, जुन्या तेलात मुरलेल्या पाण्याची वाफ व्हती. मूठ ती वाफच दाबत बसती. अर्ध्या घंट्यात गार झालं की वाफ जिरती, मूठ घट्ट. खालच्या उतारावर फिरून तेच."

बाबांची उदबत्ती बरोबर अर्धा तास चालते. गडी हुशार, यात शंका नाही.

भागवतचा चेहरा उतरला होता. "दोनदा नेलंय गं म्या लेकराला असंच."

नवं तेल भरल्यावर तो इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये, अंजूला घेऊन खाली गेला. मूठ शेवटपर्यंत घट्ट राहिली.

तेव्हा बाबांनो, मूठ मऊ लागली तर लिंबू नको, मिस्त्री शोधा. आणि कुणी चमत्कार सांगू लागला, तर वाद घालू नका. एवढंच म्हणा, "बसा मागं."