फ्रिजमधलं बफर

चौथ्यांदाही रीडिंग निम्मंच आलं, तेव्हा टॉपरने टेस्ट ट्यूब स्टँडमध्ये अशी आदळली की पलीकडच्या टेबलावरचे दोघं दचकले. 'टॉपर' हे नाव तिला पहिल्या वर्षी कौतुकानं पडलं होतं, कारण बारावीला तिला केमिस्ट्रीत अठ्ठ्याण्णव मार्क होते. आता तिसऱ्या वर्षी, बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला, तेच नाव टोमण्यासारखं लागायचं.

प्रयोग तसा साधा होता. ट्यूबमध्ये बफर घ्यायचं, म्हणजे आम्लता न हलू देणारं द्रावण. त्यात एन्झाइम घालून सदतीस अंशाच्या पाण्यात ठेवायचं, की द्रावण पिवळंधमक व्हायचं, आणि तो रंग मशीनवर मोजायचा. सगळ्यांचं झालं. हिचं कावीळ उतरत आल्यासारखं फिक्कट.

"एन्झाइम बदललं मॅडम. ट्यूब धुतल्या. सगळं पुस्तकात दिलंय तसंच केलंय."

मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कृती पाठ आहे तुझी, मला माहीत आहे. मी कारण विचारतेय."

कारण! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्हरांड्यात येऊन तिने थेट दादाला फोन लावला. दादा शाळेत केमिस्ट्री शिकवायचा. अकरावी-बारावीचा तिचा सगळा अभ्यास त्यानेच घेतला होता. फिजिक्सची वही निळी, केमिस्ट्रीची लाल, बायॉलॉजीची हिरवी, आणि एकीतलं दुसरीत लिहिलेलं त्याला खपायचं नाही.

"इथे सगळं एकमेकांत गुंतलंय दादा! उष्णता, आम्ल, पेशी, सगळं एकाच ट्यूबमध्ये. आणि तू मला नुसती घोकंपट्टी करायला लावलीस!"

"त्याच घोकंपट्टीवर तुला तिथे प्रवेश मिळाला, विसरलीस?" दादाचा आवाज चढला.

"प्रवेश मिळाला, पण डोक्यात काय शिरलं?"

तिने फोन कापला. लगेच वाईटही वाटलं, पण राग काही उतरेना.

आवरायला म्हणून ती आत आली. बफरची बाटली उचलली तर हात गारठला. बाटलीवर तिच्याच अक्षरात पीएच आठ लिहिलेलं होतं; हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त. वेळ वाचवायला तिने ते फ्रिजमधून काढल्या काढल्या, थंडगार असतानाच मोजलं होतं. ती थबकली. थोडं बफर ट्यूबमध्ये ओतून तिने सदतीस अंशाच्या पाण्यात धरलं आणि दहा मिनिटांनी पीएच मीटर बुडवला. सात पूर्णांक एक.

उष्णता दिली की समतोल सरकतो. लाल वहीतलं हे वाक्य तिने शंभरदा तरी लिहिलं असेल. तो इथे सरकला होता, आम्लता वाढली होती, आणि हिरव्या वहीतलं एन्झाइम त्या आम्लतेत अर्धमेलं झालं होतं.

आनंद व्हायला हवा होता. तिला रडू येत होतं. चार दिवस पाण्यात गेले होते, तेही स्वतःला तोंडपाठ असलेल्या एका वाक्यापायी.

तिने मीटरवरचा आकडा दाखवून मॅडमना कारण सांगितलं. "बरोबर," त्या म्हणाल्या. "म्हणजे चारही रीडिंग बाद. नवीन बफर कर, सदतीस अंशाला मोज, आणि तीनदा करून दाखव."

"पण जर्नल बुधवारी द्यायचंय, आणि मशीन बुधवारपर्यंत दुसऱ्यांनी बुक केलंय."

"मग उशिराचे मार्क कापले जातील. माझा इलाज नाही."

तेवढ्यात दादाचा फोन आला. भांडायच्या तयारीनेच तिने उचलला, आणि त्याने काही बोलायच्या आत बफरची सगळी हकिकत एका दमात सांगून टाकली.

"दहा वर्षं शिकवतोय गं मी तो धडा," दादा म्हणाला. "बफर कधी हातात घेतलं नाही. आमच्या शाळेत मीटरच नाही. आणि मलाही कुणी असं जोडून शिकवलं नव्हतं."

आता याच्यावर रागवायचं तरी कसं? आणि याच्यावर नाही, तर मग कोणावर?

"ठेवते," ती पुटपुटली, आणि मशीनशेजारच्या यादीत गुरुवारखाली नाव लिहायला गेली. पेन उठत नव्हतं. तिने ते चरचर ओढून पाहिलं, फेकून दिलं, आणि दुसरं शोधू लागली.