जांघेतली नागीण

चितेगावात पत्र्याच्या शेडपुढं बायांची ही झुंबड. आत महाराज डोळे मिटून बसलेले. पुढ्यात फळीवर आवडाबाई उताणी. महाराजांनी लुगड्यावरूनच मोरपिसं फिरवली. "जांघेतल्या नागिणी, जा बिळात!" घटकाभरात जांघेतली गाठ गायब. बाया पाया पडू लागल्या.

डॉक्टर अनसूयाबाईंना आता रागही येत नव्हता. बाबा बदलतो, नागीण तीच. रूपालीनं बोलावलं म्हणून त्या आल्या होत्या. तिची सासू मुक्ताबाई सकाळपासून ओकत होती, पण दवाखान्याऐवजी इथं येऊन बसली होती.

मुक्ताबाईची पाळी आली. मोरपिसं फिरली, गाठ हलेना.

"पथ्य मोडलं हिनं. खोकली असणार," म्हणत महाराज गाठ दाबायला सरसावले.

"हात लावू नका," अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी शालीच्या आडोशानं तपासलं. गाठ टणक, पोट फुगलेलं. मग आवडाबाईंकडं वळल्या. "मावशी, उभ्या राहा आणि खोका."

आवडाबाई खोकल्या. गाठ परत आली. "अगं बया, आली की!"

"येणारच. जांघेत पायाच्या मोठ्या शिरेशेजारी एक अरुंद वाट असते. बायांचं कटीर, म्हणजे कंबरेखालचं हाड, रुंद, त्यात बाळंतपणं, ओझी, जुना खोकला, कुंथणं. पोटातला दाब वाढला की आतडं त्या वाटेनं बाहेर डोकावतं. यालाच हर्निया म्हणतात. डोकं खाली करून निजलं की ते आत जातं. फळीच्या पायाकडच्या टोकाखाली विटा कशाला लावल्यात, बघा."

"मग आत्याबाईंची का जाईना?" रूपालीनं विचारलं.

"अडकलंय. रक्त पोचेनासं झालं की आतडं सडतं. आजच ऑपरेशन हवं, नाहीतर जीव जाईल."

मुक्ताबाई कण्हली. "तिथं पुरुष डॉक्टर असत्यात. महाराज डोळं मिटतात, लुगडंबी उचलीत नाय. म्हणून आले मी, बाई."

अनसूयाबाई तिच्याजवळ बसल्या. वाईट वाटलं त्यांना.

"महाराजांनी लाज राखली, व्हय. पण आतडं नाही राखता येत त्यांना. मी सोबत येते, मावशी. चादर मी धरीन."

ऑपरेशनात आतड्याचा सडलेला तुकडा कापावा लागला. मुक्ताबाई वाचली.

वॉर्डाबाहेर अनसूयाबाई थकून बाकावर टेकल्या. जमलेल्या सुना-लेकींना म्हणाल्या, "आडवं झालं की गाठ आत जाते, यात कुणाची शक्ती नाही. घरी जाऊन आईला, सासूला विचारा, तुला अशी गाठ आहे का. तुम्ही विचारल्याशिवाय त्या सांगायच्या नाहीत."