धुऱ्यावरचा दिवा

आमचा घरधनी मेला, पण माझी धास्ती काही मेली नाही. जिता होता तवा रोज हात उचले. मेल्यावरही दिवेलागणीले घरी येऊ लागला. आंगणात वाहणा करकरत, मंग आत बाज करकरे. शेवटी मी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दिवा लावला. थंडी सोसत नसे त्याले, बसला तिथंच हात शेकत. घराकडं येणं बंद झालं.

हसू येत असन तर खुशाल हसा.

मंग खाप्याच्या रस्त्यानं ते तारे पाहणारे गोपाळराव आले. कोराडीकडं वीजकेंद्राच्या नव्या चिमणीच्या धुरानं तारे दिसेनात, म्हणून मोठ्या दुर्बिणीसाठी आमची टेकडी पाहून राहिले होते. धुऱ्यापासून माह्या दारापर्यंत ओळीनं तीन खांब गाडले, एकेकावर केसाहून बारीक तार. म्हणे, भुईजवळची हवा थरथरली की दुर्बिणीत तारे थरथरतात. तारेले ते कळते, अन् ओट्यावरच्या डब्यातले तीन टाक कागदावर रेघा ओढतात.

"रुखमाबाई, धुऱ्याजवळच्या खांबाचा टाक रोज सांजच्याले नाचून राहिला. तुमच्या दिव्याची ऊब आहे ती. आजच्या दिवस विझवा."

दिवा काहून लावते ते सगळं सांगितलं. माणूस गालात हसला.

"अजाबात विझवणार नाही जी!" म्हणून मी भाकरी थापाले आत गेली. तेवढ्यात यानं जाऊन स्वतःच फुंकर मारली! शिकला सवरला, पण अक्कल कुठं ठेवून आला होता देव जाणे. पिठाच्या हातानंच मी बाहेर धावली.

"पाहा, टाक थांबला," ओट्यावर परत येऊन तो खुशीत म्हणाला. "दिवाच होता."

हवा पडली होती. पळसाचं पान हालत नव्हतं. अन् धुऱ्याजवळचा टाक एकदम उडाला. तो थांबला, तर मधल्या खांबाचा उडाला. तो थांबला, तर दाराजवळचा.

गोपाळरावाचं तोंड पांढरंफट पडलं. "बाई, दिवा लावा! लवकर लावा!"

"आता कशाले गा?" मी म्हणाली. माह्या पाठीमागं घरात बाज करकरली होती.

सकाळीच खांब उपटून तो गेला. हवा थिर नाही, जागा पसंत नाही, म्हणे.

एकदा आत शिरला तो धुऱ्याकडं काही परतला नाही. दिवा मी अजूनही लावते. आता घरात लावते, बाजेजवळ, त्याच्यासाठी. तो तिथं शेकत बसते, अन् मी धुऱ्यावर निजते. थंडी लय वाजते, पण मार तर नाही.