आठवी कुंडी

मेकॅनिकनं घर गरम ठेवणाऱ्या गॅस बॉयलरखालची पाणी साचण्याची वाटी फिरवून सोडवली आणि आतला काळा गाळ जुन्या वर्तमानपत्रावर उपडा केला. बर्नर त्यानं आधीच ब्रशनं साफ करून ठेवला होता. वर्षातून एकदाचं हे काम; अर्ध्या तासात उरकलंही असतं, पण त्याचा पाय बादलीला लागला.

"ही बादली कशाला इथे?"

"नळीतून पाणी ठिबकतं ना," सून म्हणाली. "सासूबाई म्हणतात, एवढं नितळ पाणी वाया का घालवायचं? झाडांना घालतो."

मेकॅनिकनं कपाळाला हात लावला. "अहो ताई, धुरातली वाफ थंड होऊन झालेलं पाणी ते! आंबट. लोखंडाला खातं, तिथे मुळांची काय कथा? रोज घातलंत तर एक झाड जगायचं नाही."

दोन हिवाळ्यांत सुनेच्या हातच्या सात कुंड्या गेल्या होत्या. आल्यागेल्याला चहाच्या आधी तेच ऐकायला मिळे: आमच्या सूनबाईंच्या हाताला गुणच नाही. ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटू लागलं होतं, आपल्याच हातांचा राग येऊ लागला होता. आज उत्तर आयतं चालून आलं होतं. हात पुसून ती तरातरा बाल्कनीत गेली.

सासूबाई आठव्या कुंडीपाशी बसल्या होत्या. हे रोप त्यांच्या थोरल्या बहिणीनं जाण्याआधी दिलेलं, म्हणून सुनेला त्या त्याला हात लावू देत नसत. पाणी स्वतः घालत, त्याच बादलीतलं. आता एकेक करपलेलं पान खुडून त्या मांडीवर ठेवत होत्या.

"माझ्या हातालाही गुण नाही गं," मान वर न करता त्या म्हणाल्या.

ओठांवर आलेलं सगळं सुनेनं गिळलं.

"हाताचं काय घेऊन बसलात, आई? कुंडी लहान पडतेय. माती बदलून बघू. आणि मेकॅनिक म्हणतोय, ती नळी थेट मोरीत सोडायची. बादली ठेवली की बॉयलर बिघडतो म्हणे."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग थोडं सरकून शेजारी जागा केली.

"फार मोठ्यानं बोलतो गं तो मेकॅनिक," त्या म्हणाल्या.