सतरा नंबरचा शिक्का

अनंत दिघे साहेबांना नेम धरता येत नाही, हे भोपाळच्या कारखान्याच्या टाऊनशिपमधल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. साहेब खरेदी विभागातले बडे अधिकारी, बोलणं पुण्याचं, आणि बारा बोरची बंदूक सासऱ्यांकडून आलेली. सन सदुसष्टच्या डिसेंबरात, परवाना काढला की शिकार करता यायची त्या दिवसांत, मिसरोदच्या पुढच्या जंगलात वीस पावलांवर एक रानकोंबडा निवांत दाणे टिपत होता. साहेबांनी बार टाकला आणि त्याच्या शेजारचं वारूळ उडवलं. कोंबडा दोन पावलं सरकला आणि पुन्हा टिपायला लागला. जीपमध्ये कारखान्याचे जनरल मॅनेजर बसले होते, ते पोट धरून हसले. नाचता येईना अंगण वाकडं. सोमवारी ऑफिसात येताच दिघे साहेबांनी ठरवून टाकलं की दोष बंदुकीचा आहे आणि तिच्यावर दुर्बीण बसवली पाहिजे.

बसवणार कोण, तर नीळकंठ बोरकर. हा मूळचा नागपूरचा. चार वर्षं जबलपूरला बंदुकांच्या कारखान्यात काढलेली, पुढची आठ इथे भोपाळात, तपासणी विभागात. तपासणीसाकडे स्वतःच्या नंबराचा एक पोलादी शिक्का असे, करंगळीएवढा. माल पास झाला की त्यावर शिक्का ठेवून हातोडीचा एक ठोका द्यायचा. त्या ठोक्याशिवाय साधा बोल्टही गेटबाहेर जात नसे. बोरकरचा नंबर सतरा. सतरा असला की पुढचे लोक माल पुन्हा मोजत नसत, आणि या गोष्टीचा त्याला एवढा माज होता की दुसऱ्या कुणाच्या हातचा चहासुद्धा तो नापास करी. फोरमनच्या यादीत मात्र त्याचं नाव सलग तिसऱ्या वर्षी लटकलं होतं. निवड समितीत दिघे होते. फोरमन झाला की तीन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं, आणि सध्या त्याचे म्हातारे वडील स्वयंपाकघरात, पिंपाच्या शेजारी झोपत होते.

"बोरकर, दुर्बीण कोणती घ्यावी? तुम्ही जबलपूरचे. स्पष्ट सांगा," दिघे म्हणाले.

बोरकरच्या ओठावर आलं होतं की साहेब, वीस पावलांवर छर्रे मारायला दुर्बीण लागत नाही, डोळे उघडे लागतात. पण साहेबांची चाळिशी उलटली होती. नळीच्या टोकावरचा नेम धरायचा पितळी मणी त्यांना धूसर दिसत असणार, हे त्यालाही कळत होतं. काम म्हटल्यावर तो चिडका असला तरी खोटा नव्हता.

"साहेब, तीन गोष्टी पाहा. एक, मोठं दाखवणारी घेऊच नका. जवळचा कोंबडा मोठा करून काय दिसन? नुसती पिसं. दुसरं, डोळा चार बोटं मागे ठेवूनही पूर्ण चित्र दिसलं पाहिजे. ही बंदूक लाथ मारते, दुर्बीण डोळ्यावर येते. तिसरं, बारा बोरचा धक्का सोसेल अशीच हवी. छोट्या रायफलीची आणाल तर महिन्यात खुळखुळा होऊन जाईल."

साहेबांनी सगळं टिपून घेतलं, आणि मग खरेदी खात्यात जे व्हायचं तेच झालं. घरच्या पैशाची, घरच्या बंदुकीची वस्तू. पण या माणसाला तीन कोटेशनं मागवल्याशिवाय पायातली चप्पलसुद्धा घेता येत नसे. दोन महिन्यांत कलकत्त्याच्या दुकानांकडून तीन कोटेशनं आली. टायपिस्टकडून तुलनेचा तक्ता टाइप झाला. तक्त्यात लांबी होती, वजन होतं, काचेचा व्यास होता, रंगसुद्धा होता. डोळ्यापासूनचं अंतर आणि धक्का यांना तक्त्यात रकानाच नव्हता. दुसऱ्या नंबरची दुर्बीण अगदी बोरकरनं सांगितली तशी होती. साहेबांनी नियमाप्रमाणे सगळ्यांत कमी दराची मंजूर केली. ती निघाली पोरांच्या निशाणेबाजीच्या छोट्या रायफलीची.

पार्सल उघडल्यावर बोरकर साहेबांकडे बघतच राहिला.

"साहेब, ही ती नव्हे."

"तक्त्यात ती पहिली आली बोरकर. आता बसवा."

बसवली. टूलरूममध्ये पोलादी पट्टी बनवली, दोन कड्यांत दुर्बीण आवळली आणि घड्याळासारखा काटा असलेल्या गेजनं मोजून केसाएवढाही फरक राहू दिला नाही. दिघे साहेब गेजचा काटा पाहून इतके खूश झाले की बार टाकून बघायची त्यांना गरजच वाटेना. काटा हलत नाही म्हणजे वस्तू पास! बोरकरनं हट्टानं त्यांना शनिवारी दुपारी जुन्या खाणीवर नेलं, पाचच काडतुसं घेऊन. तीस पावलांवर वर्तमानपत्र लावलं, मधे काळा ठिपका काढला.

बोरकरचे पहिले दोन बार ठिपक्याभोवती बसले. तिसरा हातभर डावीकडे गेला. बोरकरनं बसवतानाच प्रत्येक स्क्रूवरून कडीपर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढली होती; स्क्रू फिरला तर रेघ तुटणार, हा कारखान्यातला रिवाज. पुढच्या कडीची रेघ तुटलेली दिसली. त्यानं स्क्रू काढले, तेल पेट्रोलनं पुसून काढलं, आट्यांना लाख लावली, पुन्हा आवळले, नवी रेघ ओढली. चौथा बार. रेघ शाबूत, आणि छर्रे मात्र वर, कागदाच्या बाहेर.

"म्हणजे दोष बाहेर नाही," बोरकर म्हणाला. त्यानं दुर्बीण सोडवली आणि साहेबांच्या कानाशी हलवली. आत काहीतरी खडखडत होतं. "आतली नेमाची फुलीच ढिली झाली. मेली ही. आणि साहेब, मी मान मागे ठेवून बार टाकले म्हणून वाचलो. पूर्ण चित्र पाहायचं तर डोळा दोन बोटांवर आणावा लागतो. जो आणील त्याची भिवई फुटणार."

दिघे साहेबांनी रुमालानं मान पुसली. मग सूर बदलला.

"उद्या जनरल मॅनेजर हिच्यावर पहिला बार टाकणार आहेत. मी त्यांना सांगून बसलोय की आपल्या कारखान्यात बसवलीय. त्यांनी विचारलं, सतरा नंबरनं पाहिली का. परवा फोरमनची यादी निघतेय, बोरकर. तुमचं नाव वर आहे, आणि ते वरच राहावं असं मलाही वाटतं. पुन्हा बसवा आणि कडीवर शिक्का मारा."

इथे बोरकरनं काय करायला हवं होतं हे सांगायला कुणी शहाणा लागत नाही. आठ वर्षं लोकांचा माल इंचाच्या हजाराव्या भागासाठी परत पाठवणारा माणूस, वेल्डरांना रडवणारा! त्यानं बापाचं अंथरूण आठवलं, पिंप आठवलं, दुर्बीण पुन्हा आवळली, शिक्का कडीवर ठेवला आणि ठोका दिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणावा, तर तोंड त्याचं त्यानंच दाबलं होतं. घरी बायकोला, कुसुमला, सांगितलं की साहेबांचं खाजगी काम होतं, त्याला काही तपासणी म्हणत नाहीत.

"मग शिक्का कशाला मारलात?" कुसुमनं विचारलं.

तो जेवणावरून खेकसला.

रविवारी पहाटे जीप जंगलात पोचली. बडे साहेब, म्हणजे जनरल मॅनेजर, झुडपाआड बसले, दिघे त्यांच्या मागे, बोरकर त्यांच्याही मागे. तासाभरानं रानकोंबडा आला, बहुधा डिसेंबरातलाच. त्याच्या चालण्यात तरी ओळख दिसत होती. बड्या साहेबांनी दस्ता खांद्याला लावला. चित्र पूर्ण दिसेना म्हणून मान पुढे घेतली, आणखी पुढे घेतली. "साब, पीछे..." म्हणायला बोरकर अर्धवट उठला, पण दिघे साहेबांची पाठ पाहून पुन्हा खाली बसला. बार झाला. कोंबडा उडून गेला आणि बडे साहेब भिवईवर हात दाबून खाली बसले. बोटांतून रक्त गळत होतं. दुर्बिणीच्या काठानं अर्धगोल कापलं होतं, डोळा जेमतेम वाचला.

दिघे साहेबांचा चेहरा पांढरा पडला, पण जीभ शाबूत होती. "सर, तपासून घेतली होती, सर. हे पाहा, सतरा नंबर आहे, सर."

बड्या साहेबांनी रक्ताळलेल्या बोटानं कडी चाचपली. अंक वाचला.

"सत्रह ने पास की है?" ते म्हणाले. "तो फिर गलती मेरी ही रही होगी. मैंने ही ठीक से पकड़ी नहीं." आणि वळून बोरकरच्या खांद्यावर थाप मारली. "चिंता मत करो, बोरकर."

त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. बोरकरला लाज वाटली, आणि परतीच्या वाटेवर तो बंदूक मांडीवर घेऊन कडीवरचा सतरा अंगठ्यानं झाकत राहिला. दिघे मात्र मिसरोद येईपर्यंत शीळ घालत होते.

सोमवारी यादी लागली. पहिलं नाव नीळकंठ बोरकर. कुसुमनं पेढे आणले, वडिलांनी पिंपाला हात लावून नमस्कार केला. बुधवारी बोरकर शिक्का जमा करायला गेला, कारण फोरमनला शिक्का नसतो. शिक्के सांभाळणारा काशिनाथ हा निवृत्तीला आलेला कारकून. त्यानं शिशाच्या पट्टीवर सतराचा ठसा उमटवून घेतला आणि मोठं रजिस्टर उघडलं.

"आठ वर्षांत या नंबराची एक तक्रार नाही," तो कौतुकानं म्हणाला. "नव्या पोरांना मी हाच शिक्का दाखवतो. चला, एक रकाना राहिला. शेवटचा वापर कोणत्या मालावर? शुक्रवारचं ट्रान्सफॉर्मरचं झाकण लिहू ना?"

बोरकरनं शिशावरचा ठसा पाहिला. झाकण खरंच शुक्रवारी पास केलं होतं. हो म्हणायचं आणि क्वार्टरची किल्ली घ्यायला जायचं, एवढंच उरलं होतं.

"हे रजिस्टर कुठे जातं?" त्यानं विचारलं.

"बड्या साहेबांच्या सहीला. ते प्रत्येक ओळ वाचतात. का?"

बोरकरनं त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: शनिवार, दुर्बिणीची कडी, माल नापास.

काशिनाथनं चष्मा वर करून दोनदा वाचलं. "बोरकर, नापास मालावर शिक्का कसा असेल? लोक काय म्हणतील? खोडतो मी हे."

"नका खोडू," बोरकर म्हणाला. "खाली सही करतो मी."

त्यानं सही केली. फोरमनची नव्हे, तपासणीसाची, नंबरासकट. मग किल्ली न घेताच तो घरी गेला आणि वडिलांचं अंथरूण पिंपापासून हातभर लांब सरकवलं.