गौतमीच्या कॉलरवरचा कान

मी एक माइक बोलतोय. स्टेजवर उभा असतो तो मी नव्हे. शेंगदाण्याएवढा, काळा, चिमट्याने कॉलरला लावायचा, तो मी. मला डोळे नाहीत. मी फक्त ऐकतो आणि ऐकलेलं सगळं पुढे पाठवतो. त्यातलं काय पुढे जावं आणि काय जाऊ नये, हे ठरवणं माझ्या हातात नाही. आजकाल मला त्याचीच धास्ती वाटते.

माझा जन्म झाला तेव्हा मी पहिल्यांदा ऐकली ती यंत्राची घरघर. मग पुठ्ठ्याच्या खोक्यातला अंधार आणि मग जयपूरच्या मालवीय नगरातलं मोबाइलच्या सामानाचं एक दुकान. तिथे चार्जर, कव्हरं आणि इअरफोन यांच्या गर्दीत मी खिळ्याला टांगलेला होतो. जवळच्या कोचिंग क्लासच्या एका सरांनी मला आधी विकत नेलं, पण लगेच परत आणून दिलं. म्हणाले, "भैया, ये तो बगल वाली क्लास भी साथ में पढ़ा रहा है!"

दुकानदार हसला. त्याने मला पुसून पुन्हा खोक्यात ठेवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला माझा तोच दोष गुण म्हणून सांगितला. "मैडम, सुई गिरेगी तो भी पकड़ेगा."

ही मॅडम म्हणजे गौतमी तायडे. माहेर अकोल्याचं. नवरा रणजीत रेल्वेत मालगाडीवर गार्ड. बदली होऊन दोघं जयपूरला आली होती आणि क्वार्टर मिळेपर्यंत सोडाला नावाच्या वस्तीत एका अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होती. रणजीत गाडीवर गेला की दुसऱ्या दिवशीच परतायचा. घरात मराठी बोलायला कोणी नाही. भाजीवाल्याशी हिंदी, दूधवाल्याशी हिंदी, समोरच्या दारातल्या शेखावत आंटींशी हिंदी. मग गौतमीने फोनशी मराठीत बोलायला सुरुवात केली आणि त्याचा एक कार्यक्रमच झाला. नाव ठेवलं, 'जरा वेळ आहे का?'

दुपारी घर आवरलं की ती रजयांचं कपाट सताड उघडायची आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसायची. जयपुरी रजया आवाज पिऊन घेतात, खोली घुमत नाही, हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं. मला कॉलरला लावायची, आणि सुरू.

बोलायची तरी कशावर? डोक्यात येईल त्यावर. "मालिकेतल्या बायका गुपितं बोलताना दार का लोटून घेत नाहीत हो? दाराआड कोणीतरी उभं असणार हे प्रेक्षकांना कळतं, त्यांना कसं कळत नाही?" किंवा, "परवा एका रीलमध्ये एक मुलगी ढसाढसा रडत होती. मला वाईट वाटलं. मग मनात आलं, रडू आल्यावर हिने आधी फोन कुठे टेकवून ठेवला असेल? कोन नीट बसला का, ते पाहिलं असेल? म्हणजे रडू खोटं असं नाही म्हणत मी. पण मधे थोडा वेळ थांबलं असेल ना ते?" आणि, "वरणाला फोडणी देता देता मी गुन्हेगारीच्या मालिकांत इतके खून पाहिलेत की आता मोहरी तडतडली तरी दचकते." आणि मग स्वतःच खळखळून हसायची. त्या हसण्याने मी तिच्या कॉलरवर हलायचो.

ऐकणारे वाढत गेले. पुणे, नागपूर, कुठे दुबई, कुठे भोपाळ. गौतमीला प्रतिक्रिया मोठ्याने वाचायची सवय होती, म्हणून त्या मलाही कळायच्या. त्यात एक देवराम असायचे.

"ताई, आज घसा बसलाय. हळद घालून दूध घ्या."

"बघ ना," गौतमी रणजीतला म्हणाली, "किती आपुलकीने ऐकतात लोक!"

मग एकदा, "आज कुकरच्या शिट्ट्या कमी झाल्या. एकट्याच आहात का जेवायला?"

यावरही ती हसली. पण जरा उशिराने हसली.

शहराचं नाव कार्यक्रमात घ्यायचं नाही, असं रणजीतने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ती 'आमच्या इकडे' एवढंच म्हणायची. पण संक्रांतीच्या सुमारास सगळ्या गच्च्यांवर पतंग चढले, भोंगे लागले आणि 'वो काटा!' हा गलका खिडकीच्या फटीतून आत शिरला. तो मी घेतला. मला घ्यावाच लागतो.

देवरामांनी लिहिलं, "जयपूर ना? मला वाटलंच होतं."

पुढे एका भागात जिन्यात कुरिअरवाला फोनवर कोणाला तरी सांगत होता, "हाँ हाँ, सोडाला, तोरण अपार्टमेंट, दूसरी मंज़िल पर खड़ा हूँ." मग त्याने दार ठोकून हाक मारली, "तायडे मैडम, पार्सल!" गौतमीला तो व्यत्यय गमतीचा वाटला. "बघा, आमच्याकडे असं चालतं," म्हणून तिने तो कापला नाही. आवाज जरा लांबचा होता. तिला वाटलं, नुसती गडबड ऐकू येईल, शब्द कोणाला कळणार आहेत?

त्यावर देवरामांनी काहीच लिहिलं नाही. नंतरच्या भागांवरही नाही. गौतमीला जरा मोकळं वाटलं. मग एके दिवशी तिने वाचायला सुरुवात केली आणि मधेच तिचा आवाज बारीक होत गेला.

"ताई, रणजीतरावांची रात्रपाळी असते तेव्हा तुम्ही हळू बोलता. काळजी वाटते. सोडाल्याला येऊन जाईन म्हणतो एकदा."

रणजीतचं नाव तिने कार्यक्रमात कधीच घेतलं नव्हतं. त्या दिवशी तिने कानात इअरफोन घालून जुने भाग लावले आणि एकेक करून ऐकायला बसली. मी टेबलावर पडून होतो. तिचा श्वास मधेमधे अडकत होता. काय काय सापडत होतं तिला! आतल्या खोलीतून "रणजीत, डबा घेतला का?" म्हणून तिने दिलेली हाक. समोरच्या आंटींची आरती. बसच्या कंडक्टरचं ओरडणं. आपण मालिकांवर बोलतोय असं तिला वाटत होतं, आणि मागून मी तिचं सगळं घर उघडं करून सांगत होतो.

तिने ते भाग काढून टाकले. पण एकदा ऐकलेलं कोणाच्या कानातून कसं काढणार?

त्यानंतर घरातले आवाज बदलले. कडी लावल्याचा आवाज, मग ती पुन्हा ओढून पाहिल्याचा. जिन्यात पाऊल वाजलं की भांडी घासायचं थांबायचं. पाऊल वर निघून गेलं की नळ पुन्हा सुरू व्हायचा. दूध आणायला ती खाली जाईना. रणजीतला तिने सांगितलं नाही. सांगितलं तर तो कार्यक्रम बंद कर म्हणेल, याची तिला खात्री होती.

अकोल्याहून तिच्या आईचा, यमुनाबाईंचा फोन आला. तिने तो स्पीकरवर ठेवला.

"काऊन व, आवाज काऊन असा येऊन राह्यला तुया?"

"कुठे काय आई? सर्दी झालीय."

"सर्दी नाही ते. तू भेली हायस. मले तुया आवाजावरून समजते."

फोन ठेवल्यावर ती हमसून हमसून रडली. आवाजावरून ओळखणारी आई होती म्हणून रडली, की आवाजावरून ओळखणारा आणखी एक जण होता म्हणून, हे मला कळलं नाही.

शेवटी तिने ठरवलं, एक निरोपाचा भाग करायचा आणि थांबायचं. दुपारची वेळ होती. रणजीत गाडीवर गेलेला. तिने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, रजयांसमोर बसली आणि मला कॉलरला लावलं.

"हा शेवटचा भाग," ती म्हणाली. "काही खास कारण नाही. म्हणजे..."

तेवढ्यात बेल वाजली.

"ताई?" बाहेरून मराठीत हाक आली. "गौतमीताई, मी देवराम."

मी तिच्या काळजाच्या अगदी जवळ होतो. ते इतक्या जोराने धडधडायला लागलं की क्षणभर मला दुसरं काही ऐकूच येईना.

"घाबरू नका. भोपाळहून आलोय. रेकॉर्डिंग चाललंय का? मग बसतो मी पायरीवर. तुमचं होऊ द्या."

आवाज मऊ होता. चिडलेला नाही, दारू प्यालेला नाही. एखादा पाहुणा बोलावा तसा. तेच फार भयंकर होतं. ओरडणाऱ्या माणसाला जा म्हणता येतं.

फोन हातात घेऊन गौतमी उठली. तिचे पाय फरशीवर घासत दारापर्यंत गेले.

"मी तुम्हाला ओळखत नाही. जा इथून."

"असं काय करता ताई? रोज तर बोलतो आपण. तुम्ही विचारता ना, जरा वेळ आहे का? मी काढला वेळ."

"मी सगळ्यांशी बोलते. तुमच्याशी नाही बोलत!"

मग दाराचं हँडल हललं. जोरात नाही, बंद आहे का ते नुसतं पाहावं तसं.

"तुमच्यासाठी नवा माइक आणलाय," तो म्हणाला. "तुमच्या माइकमध्ये बाहेरचं फार येतं. याच्यात फक्त तुम्हीच ऐकू याल."

तेव्हा गौतमी ओरडली. इतक्या मोठ्याने ती कधीच बोलली नव्हती, माझे कान फाटायची वेळ आली. "आंटीजी! शेखावत आंटीजी!"

समोरचं दार उघडलं. शेखावत आंटींचे यजमान फौजेत होते, पण हुकूम द्यायचा आवाज आंटींचा होता. "कौन हो भैया? किससे मिलना है?"

"ये मेरी पहचान की हैं."

"मैं इन्हें नहीं जानती!" गौतमी दाराला टेकून आतून म्हणाली. "आंटीजी, बिलकुल नहीं जानती!"

"सुन लिया? चलो, नीचे उतरो. नहीं तो अभी पूरी बिल्डिंग बुलाती हूँ."

मग त्याचा आवाज पहिल्यांदाच बदलला, दुखावल्यासारखा झाला. "ताई, तुम्ही तशा नाही वाटल्या मला." हँडलला पिशवी अडकवल्याची सळसळ झाली. पावलं खाली उतरली, मधल्या वळणावर थांबली, बराच वेळ थांबली, आणि मग गेली.

रणजीत परतल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. पण तो म्हणाला, "इतके दिवस एकटीने सोसलंस? मला का नाही सांगितलंस?"

ती पिशवी घेऊन दोघं पोलीस ठाण्यात गेली. त्या दुपारी मी सुरूच होतो, त्यामुळे सगळं रेकॉर्ड झालं होतं. तिथल्या बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "आदमी तो बड़ी तमीज़ से बात कर रहा है. इसमें धमकी कहाँ है?"

गौतमीला सांगता येईना. ती एवढंच म्हणाली, "मैडम, आपके दरवाज़े का हँडल कोई ऐसे हिलाए तो?"

बाईंनी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. या वेळी हँडलशी थांबवलं. मग तक्रार लिहून घेतली, देवरामला फोन लावून दम दिला, पिशवी तिथेच ठेवून घेतली. त्याने माफी मागितली म्हणे. त्याचं खातं बंद झालं. दुसऱ्या नावाने तो आजही ऐकतो की नाही, हे कोण सांगणार?

पुढे क्वार्टर मिळालं आणि सोडाला सुटलं. सामान लावताना रणजीत म्हणाला, "आता पुरे कर ना हे."

"मतलब, दाराशी तो आला आणि गप्प मी बसायचं?" गौतमी म्हणाली.

ती पुन्हा बोलते आता. पण आधी खिडक्या लावते, पंखा बंद करते, जयपूरच्या उन्हाळ्यात घामाने भिजत बसते. कुकर लावत नाही. भाग झाला की कॉम्प्युटरवर मागचा सगळा आवाज पुसून टाकते. आता तिचा आवाज कुठल्याच गावातून येत नाही, कुठल्याच घरातून येत नाही. लोक लिहितात, ताई, क्वालिटी फार सुधारली! ते ती मोठ्याने वाचत नाही, पुटपुटते. हसते तेव्हा मी पूर्वीसारखा हलत नाही.

माझं आता वय झालं. चिमटा सैल झालाय, वायर एका जागी सोललीय. एक दिवस मी टेबलाच्या खणात जाईन. त्याआधी तुम्हा ऐकणाऱ्यांना एवढंच विनवतो. आम्ही सांगू तेवढंच ऐका. कानावर आलेलं सगळं आपल्यासाठीच होतं, असं समजू नका.

गौतमी आजही बोलता बोलता मधेच थांबते. जिन्यात कोणीतरी चढत असतं. ती श्वास धरून ऐकते, मीही ऐकतो. पावलं पुढे निघून जातात, ती श्वास सोडते आणि तुटलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणते. ती थांबलेली जागा ती नंतर कापून टाकते. ती जागा तुमच्यापर्यंत येत नाही. ती फक्त मी ऐकलेली असते.